काचेवरचं ‘हो’

संभाजीनगरला जाऊन आले म्हटलं की कोल्हापुरात जो तो एकच विचारतो, वेरूळ कसं वाटलं? नाही बघितलं वेरूळ. अजिंठा नाही, मकबरा नाही, पाणचक्कीही नाही. मी तिथं जाऊन बघितलं ते एक टेबल. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं जागा नाही.

माझी थोरली बहीण विजूताई तिथं गारखेड्यात असते. दिवाळी झाली आणि तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. तेव्हा मी धावत जाऊन दोन दिवस दवाखान्यात बसून आले होते. पण तेव्हा ती शुद्धीतच नव्हती. मग जानेवारीत दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे तिचे यजमान, जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, अत्यंत शिस्तीचे. म्हणाले, “मालू, शुक्रवारी तिला लासूर स्टेशनच्या केंद्रात ठेवतोय. तिथं रात्रंदिवस बाया असतात करायला. तुला भेटायचं असेल तर आधी ये.”

मी म्हटलं, “अहो, तिला विचारलंत का?”

“विचारलं ना. हो म्हणाली.”

“वाचा गेलेली बाई हो कशी म्हणाली?”

“टेबलावर म्हणाली.”

मला वाटलं, एकट्यानं करून करून दाजींच्या डोक्यावर परिणाम झाला. त्याच संध्याकाळच्या गाडीत बसले.

मंगळवार, गारखेडा

स्टँडवर उतरले तर कडाक्याची थंडी. आमच्याकडंही थंडी पडते, पण तिला नदीचा ओलावा असतो. इथली कोरडी, नाकातनं रक्त काढणारी. रिक्षावाल्यानं कान मफलरनं असे गुंडाळले होते की मी गारखेडा म्हटलेलं त्याला ऐकूच जाईना. दोन चौक उलट दिशेला गेल्यावर म्हणतो कसा, “पहले बोलना था ना मावशी, सूतगिरणीकडून घेतलं असतं.” मी पहिल्यापासून ओरडतच होते. काय बोलायचं!

ताईच्या घरी गेलं की आधी पाण्याची पिंपं दिसतात. अंगणात निळी पिंपं, मोरीत पिंपं, जिन्याखाली पिंपं. नळाला पाणी येतं ते आठवड्यानं, तेही आलं तर. आम्ही पंचगंगेकाठची माणसं, नळ सोडून गप्पा मारणारी. मी हात धुवायला तांब्या घेतला तर दाजी मागं उभे. “अर्धा घे,” म्हणाले. पूर्वी मला या गोष्टीचं हसू यायचं. या वेळी नाही आलं, कारण ताईच्या चादरी रोज धुवाव्या लागतात आणि त्या चादरी हा माणूस अर्ध्या अर्ध्या तांब्यानं धूत होता.

ताई खिडकीजवळ पलंगावर होती. ताई म्हणजे काय बाई होती सांगू? आमच्या घरात तिचा आवाज सगळ्यात मोठा. माझ्या दोन्ही बाळंतपणांना तीच आली होती. सासूशी भांडून मला डिंकाचे लाडू खायला घालायची. ती आता उशीला टेकवून ठेवली होती, निम्मी झालेली. अंगात स्वेटर, त्यावर शाल. कपाळावर कुंकू मात्र ठसठशीत. दाजी लावतात रोज. मला बघितल्यावर तिचा डावा हात उचलला गेला आणि तोंडातून “अं, अं” असा आवाज आला. मी तो हात धरला आणि रडले. तीही रडली. दाजी म्हणाले, “रडवू नको तिला, कफ होतो.”

जेवायला त्यांनीच भाकरी केली होती. शिस्तीचा माणूस, भाकरीही कंपासनं काढल्यासारखी गोल. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी शेजारणीनं दिली होती. आमच्या रश्श्याची सवय झालेल्या जिभेला ती आमटी मवाळ लागते, पण थंडीत बरी वाटली. ताईला मऊ भात कालवून भरवला. एक घास गिळायला तिला किती वेळ लागत होता ते बघून मी भाकरी अर्धी ताटातच ठेवली.

जेवताना दाजींनी मुलाला फोन लावला. निखिल कॅनडात असतो. गुणी मुलगा आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. म्हणाला, “मावशी, बाबांच्या हार्टचं माहितीये ना तुला? त्यांनी आईला उचलायचं नाहीये. आणि आईनंच हो म्हटलंय. मी व्हिडिओ बघितला.” पुन्हा म्हणाला, “तिनंच हो म्हटलंय.” बाप आणि लेक दोघंही ते वाक्य असं म्हणत होते, जसं थंडीत माणूस निखाऱ्यावर हात धरतो.

बुधवार, टेबल

घरापासून दोन गल्ल्या सोडून एक फिजिओथेरपीचं केंद्र आहे. व्हीलचेअर ढकलत तिथं नेतात ताईला. रस्त्यात खड्डे, खडी, मधेच उकरून ठेवलेली पाइपलाइन. दाजींना दम लागत होता आणि मी ढकलते म्हटलं तर देत नव्हते.

आतल्या खोलीत ते टेबल. एकट्या माणसाच्या पलंगाएवढं, वर सगळी काच आणि काचेखाली मोठ्या मोबाइलसारखं चित्र. चारी बाजूंनी माणसं बसू शकतात, बोटानं चित्र सरकवायचं, मोठं करायचं. लहान मुलांना अक्षरं गिरवायला लावतात, हात आखडलेल्यांना फुगे फोडायला लावतात, आणि वाचा गेलेल्यांना त्यावर बोलायला शिकवतात. केंद्रवाल्यांनी मोठ्या हौसेनं घेतलेलं. आता त्याचे हाल बघा: खिडकीतून ऊन आलं की चित्र दिसत नाही, म्हणून खिडकीला जुनी चादर. वीज गेली की ते बंद पडतं आणि पुन्हा सुरू व्हायला इतका वेळ घेतं की पेशंटला झोप लागते. धूळ तर या गावात पाचवीला पुजलेली, त्यामुळं सारखं पुसायचं. वर चहाचा कप ठेवायचा नाही म्हणून भिंतीवर पाटी, आणि पाटीखाली कपांचे गोल डाग पडलेलं साधं लाकडी टेबल. सगळे चहा त्याच्यावर पितात. मला तर ते लाकडी टेबलच जास्त उपयोगाचं वाटलं.

मी माझी पर्स काचेवर ठेवली तर शाहीन धावत आली. शाहीन म्हणजे तिथली बोलणं शिकवणारी मुलगी, पंचविशीची, हसरी. “मावशी, पर्स नका ठेवू, त्याला वाटतं हात ठेवला.” मग ताईसमोर बसून गोड आवाजात म्हणाली, “आज अम्मींची बहीण आलीये! चला, बोलून दाखवू त्यांना.”

काचेवर दोन चौकोन आले. ताईच्या डाव्या हाताशी हिरवा, त्यावर ‘हो’. त्याच्या पलीकडं, उजवीकडं लाल, त्यावर ‘नको’. एकच हात चालतो, म्हणून हिरवा जवळ, लाल जरा लांब.

“थंडी वाजते का?”

ताईनं हात उचलला. हात थरथरत काचेवर आला. टेबलातून एका बाईचा आवाज आला, “हो.”

मला काटाच आला अंगावर. माझी ताई बोलली! आवाज दुसरीचा होता, पण बोलली.

“चहा घेणार?” “हो.” “बहिणीला ओळखलं?” “हो.” मी वेडी टाळ्या वाजवत होते.

मग दाजी खाकरले आणि म्हणाले, “ते पण विचार. मालूसमोर.” शाहीननं एकदा दाजींकडं बघितलं. मग म्हणाली, “अम्मी, शुक्रवारी लासूरच्या केंद्रात राहायला जायचं आहे. जायचं ना?”

हात उचलला. या वेळी जास्त थरथरत होता, शाल घसरली, कोपर टेबलाच्या कडेला आपटलं. “हो,” टेबल म्हणालं. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. दाजी म्हणाले, “या आजारात डोळे गळतात.” शाहीननं रुमालानं पुसले.

निघताना शाहीननं मला बाजूला घेतलं. “मावशी, एक सांगू? त्या सगळ्यालाच हो म्हणतात. कुछ भी पूछो, हौ. डॉक्टर म्हणाले, काही पेशंट एकाच शब्दावर अडकतात. मी साहेबांना सांगितलं होतं, यावर फार भरवसा ठेवू नका म्हणून.”

“मग?”

“ते म्हणाले, हो म्हणजे हो.”

खरं सांगते, मला तिचं ऐकायचंच नव्हतं. मला बरं वाटलं होतं. ताई जायला तयार आहे, म्हणजे मला कोणाशी भांडायचं नाही, काही करायचं नाही, दोन दिवस बहिणीजवळ बसायचं आणि घरी जायचं. मी घरी येऊन गार पाण्यानं तोंड धुतलं आणि दुपारी छान झोपले.

गुरुवार, शहागंज

लासूरच्या केंद्रात न्यायला ताईला पुढून उघडणारे दोन गाऊन आणि मऊ सुती चादरी हव्या होत्या. सकाळीच शहागंजात गेले. मला बाजार आवडतो. घड्याळाच्या मनोऱ्याखाली खजुराच्या गाड्या, अत्तरवाले, कापडवाले, त्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा, आणि घासाघीस तर अशी अदबीनं की दुकानदाराचा राग येत नाही. आमच्याकडं “घ्यायचं तर घे की बाई” म्हणतात. इथं एक म्हातारे दुकानदार म्हणाले, “पसंत नसेल तर राहू द्या, पण पाणी पिऊन जा.” एरवी अशा बाजारात मी दिवस काढला असता. त्या दिवशी गाऊन हातात घेतला की हा घालून ताई कोणत्या खोलीत पडणार असं मनात यायचं. गाऊन, चादरी घेतल्या आणि भूक लागली.

कोपऱ्यावर एक नवंकोरं हॉटेल होतं. आत गेले आणि कपाळावर हात मारला. तिथंही टेबलं काचेची! म्हणजे तसलीच, खाली चित्रं असलेली. खाण्याचं चित्र दाबायचं की आत ऑर्डर जाते. आजूबाजूला बघितलं तर निम्म्या टेबलांवर जाड प्लास्टिक अंथरलेलं, आणि लोक वेटरलाच हाका मारत होते. माझं टेबल मात्र चालू होतं. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा पिवळा रस्सा, खायचा तर इथंच, म्हणून दाबला. तेवढ्यात ताहरीचा, म्हणजे इकडच्या मसाल्याच्या भाताचा, वाडगा शेजारून गेला, वास आला, मोह झाला, ताहरी दाबली. मग वाटलं, एकटीला दोन्ही कसं संपणार? ‘रद्द’ शोधलं. ते टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला, आणि ‘मागवा’ माझ्या पोटाशी. मी वाकून हात लांब केला. एक बारीक आवाज आला. पुन्हा केला. पुन्हा आवाज. काही रद्द होईना, म्हणून चिडून आणखी एकदा.

वेटर आला तो हातावर ताहरीच्या प्लेटा चढवून. मागं दुसरा वेटर, त्याच्याकडंही ताहरी.

“अहो, मी रद्द करत होते!”

वेटर चाळिशीचा, कंटाळलेला. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाला, “बांगड्या, ताई. तुमचं बोट रद्दवर जायच्या आधी बांगड्या मागवावर टेकतात. त्याला काय कळतंय, बोट हाय का बांगडी? जे आधी टेकलं ते खरं. लई लेडीज लोकांचं होतं असं. म्हणून तर प्लास्टिक टाकलं. राहू द्या, नेतो मी परत.”

मी हसले. खरंच हसले. नान-खलिया आला, पहिला घास घेतला, आणि तो तोंडातच राहिला.

ताईच्या हातात पाटल्या आहेत. आईनं तिच्या लग्नात घातलेल्या, रुंद, जड. आणि ताई आता निम्मी झालीय. स्वेटरच्या बाहीत दिसत नव्हत्या, पण मंगळवारी तिचा हात धरला तेव्हा त्या माझ्या बोटांवर घरंगळून आल्या होत्या. अंगठ्याच्या मुळापर्यंत येतात त्या. ‘हो’ तिच्या मनगटाखाली आणि ‘नको’ त्याच्या पलीकडं.

नान-खलिया तसाच टाकून उठले. वेटर मागून हाका मारत होता, पैसे द्यायचे आणि चादरींची पिशवी, दोन्ही विसरले होते; पैसे देऊन पिशवी घेतली. रिक्षात बसल्यावर मी मोठ्यानं “देवा, देवा” म्हणत होते. ती बाई दोन महिने नको म्हणतेय. रोज नको म्हणतेय. आणि टेबल सगळ्यांना सांगतंय, हो.

दाजींना सांगितलं तर आधी कळेचना. मग म्हणाले, “पाटल्या काढायच्या नाहीत.” आवाज असा चढला की ताईनं मान वळवली. म्हणाले, “दवाखान्यात मशीनमध्ये घालताना काढल्या होत्या. त्या नर्सनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. बायकोच्या बांगड्या पिशवीत घेऊन उभा होतो मी व्हरांड्यात, मी जिवंत असताना. शुद्धीवर आली तेव्हा पहिलं तिनं मनगट चाचपलं. मी माझ्या हातानं घातल्या परत. आता त्या मी गेल्यावरच निघतील.”

“काढायच्या नाहीत दाजी,” मी म्हटलं. “फक्त वर सरकवायच्या.”

दुपारी शाहीनच्या केंद्रात मी ताईच्या स्वेटरची बाही दुमडली, पाटल्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि माझ्या रुमालानं आवळून बांधल्या. शाहीननं तोंडावर हात घेतला. “मैंने देखाच नहीं मावशी. रोज समोर बसते मी. स्वेटरमध्ये…” तिची काय चूक? सुवासिनीच्या हातातल्या बांगड्या इकडं कुणाला वेगळ्या दिसतच नाहीत. त्या हाताचाच भाग.

शाहीननं विचारलं, “अम्मी, तुमचं नाव विजया?”

“हो.”

“तुमचं नाव शाहीन?”

हात उचलला, हिरव्यावरून पुढं गेला, थरथरत, आणि लाल चौकोनावर बोट टेकलं. टेबल म्हणालं, “नको.”

ताईनं मान वर करून आमच्याकडं बघितलं. तो चेहरा मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. तिच्या घशातून असा आवाज आला की बाहेरची माणसं दारात येऊन बघून गेली. ती बोटानं पुन्हा दाबायला लागली. नको. नको. नको. नको. कोणी काही विचारत नव्हतं, ती दाबत होती. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं दाबत होती.

मी विचारलं, “ताई, लासूरला जायचंय?”

“नको.”

दाजी खुर्चीत बसले. खिशातून गोळी काढली, जिभेखाली ठेवली. मी म्हटलं, “दाजी?” त्यांनी हातानं खूण केली, काही नाही म्हणून. मग खालीच बघत म्हणाले, “मला उचलणं होत नाही गं मालू. मागच्या आठवड्यात मोरीत दोघंही पडलो. उठताच येईना. दार आतून लावलेलं. तासभर पडून होतो दोघं. तिला सांगितलं होतं, कोणाला सांगायचं नाही.” आणि हसल्यासारखं केलं. “सांगणार कशी म्हणा.”

मला मात्र ताईचं नको ऐकून चढल्यासारखं झालं होतं. मी बरोबर ओळखलं होतं ना! मला वाटत होतं मी तिला वाचवलं. त्याच भरात मी टेबलावर वाकले आणि म्हटलं, “मग माझ्याकडं येतेस, ताई? कोल्हापूरला?”

कोणी मला हे विचारायला सांगितलं नव्हतं.

ताईनं माझ्याकडं बघितलं. हात उचलला. पाटल्या कोपरावर घट्ट बांधलेल्या होत्या. बोट सरळ हिरव्यावर टेकलं.

“हो.”

मग पुन्हा. “हो.” मग तिनं सगळा तळवाच त्या हिरव्यावर ठेवला आणि काढेचना. टेबल म्हणत राहिलं, हो, हो, हो. शाहीन माझ्याकडं बघून हसली, तिचे डोळे भरलेले. दाजींनी मान वर केली. सगळे माझ्याकडं बघत होते.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं, मुलगा, सून, नातू. ह्यांचे गुडघे गेलेत. सून नोकरी करते. चांगली आहे, पण तिच्या मनाविरुद्ध मी एक कपाट हलवू शकत नाही. हे सगळं खरं आहे. एकही शब्द खोटा नाही. आणि हे सगळं मला ताईनं हो म्हटल्यावर आठवलं, विचारायच्या आधी नाही.

मी काही बोलायला गेले तर दाजीच म्हणाले, अगदी हळू, “मालू, या मशीनचा काही भरवसा नाही. काल एक सांगतं, आज एक.”

इतके दिवस ज्या टेबलाची शपथ वाहिली त्या टेबलाला त्यांनी माझ्यासाठी खोटं पाडलं. मला सुटायला वाट दिली त्यांनी. त्या क्षणी मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले, इतकं हलकं वाटलं. आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली.

“हो ना,” मी म्हटलं. “त्याचं काही खरं नाही.”

शाहीनचं हसू मावळलं. तिनं ताईचा हात काचेवरून उचलून मांडीवर ठेवला आणि टेबल बंद केलं. मी रुमाल सोडला. पाटल्या घसरत खाली आल्या. ताई माझ्याकडं बघत नव्हती. ती बंद झालेल्या काचेकडं बघत होती, आणि तिथं आता फक्त छताचा पंखा दिसत होता.

शुक्रवार, लासूर स्टेशन

गाडी सकाळीच निघाली. मी ताईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. उजेड होता, दौलताबादचा किल्ला लांबून दिसला. दाजी पुढून म्हणाले, “लग्न झाल्यावर आलो होतो इथं. ही न थांबता वर चढली आणि मी अर्ध्यात बसलो.” पुढं कांद्याची आणि कापसाची शेतं, पांढरे गठ्ठे लादलेले ट्रॅक्टर. लासूर स्टेशनला बाजाराचा दिवस असावा, गाडी मुंगीच्या पावलानं गेली. हा मुलूख बघायला आलेल्या माणसानं या रस्त्यावरही यावं. जमीन उघडी आहे, आभाळ मोठं आहे. मला त्या दिवशी ते सगळं ओसाड दिसलं.

केंद्र वाईट नाही, हेही सांगायला हवं. स्वच्छ आहे. फरशी पुसलेली, खिडकीबाहेर लिंबाचं झाड, आणि मुख्य म्हणजे पाण्याची टाकी भरलेली. मी टाकी बघूनच घेतली. ताईच्या खोलीतली बाई गंगूबाई, दणकट, बोलकी. तिच्या घरचे मेंढरं घेऊन लांब गेलेले. म्हणाली, “पावसाळ्यापस्तोर येत नायती ते. मला बी सोबत झाली. काळजी करू नका, मायसारखं बघते म्या.” तिनं ताईला असं उचललं की दाजी बघतच राहिले. लहान मुलाला उचलावं तसं, एका दमात, आणि पलंगावर ठेवून पाय सरळ केले. ते बघून दाजींच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. ते बाहेर जाऊन गाडीजवळ उभे राहिले.

मी चादरी कपाटात ठेवल्या, गाऊन ठेवले. कुंकवाचा करंडा उशाशी ठेवला, गंगूबाईला दाखवला. पाणी पाजलं. आता करायला काही उरलं नाही. मला दुपारची गाडी होती.

मी पलंगाच्या कडेला बसले. “ताई, येते मी आता. उन्हाळ्यात येईन परत. निघू ना?”

ताईच्या पोटावर राखाडी रंगाचं पांघरूण होतं, नीट पसरलेलं. तिनं डावा हात उचलला. तो पांघरुणावरून सरकत, थरथरत पलीकडं गेला, उजवीकडं, आणि तिथं एक बोट टेकलं. मग उचलून पुन्हा टेकलं. पुन्हा. तिथं काही नव्हतं. नुसती लोकर. ती माझ्याकडं बघत होती आणि बोट टेकवत होती.

गंगूबाई म्हणाली, “काय म्हनत्यात? पांघरून नको झालं वाटतं.” आणि तिनं ते काढून पायाशी घडी करून ठेवलं.

“व्हय, उकडत असेल,” मी म्हटलं, आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले.